मे महिन्यातला बोडका सांबर आणि लेंडीतलं टेस्टोस्टेरॉन

बुद्धपौर्णिमेला जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यात प्राणीगणनेसाठी पाणवठ्यावरच्या मचाणावर बसणार असाल, तर बिनशिंगांचं सांबर दिसल्याबरोबर तक्त्यात 'मादी' लिहू नका. मध्य भारतात सांबराच्या नरांची शिंगं साधारण मार्चअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत गळतात. मेच्या चांदण्यात नर एकतर पूर्ण बोडका असतो, नाहीतर मखमलीतले, म्हणजे केसाळ कातडीने झाकलेले, आखूड कोंब घेऊन उभा असतो. मान जाड आहे का, तिच्यावर आयाळ आहे का, कानांच्या मधे शिंगांच्या बुडाचे दोन खुंट दिसतात का, एवढं दुर्बिणीतून बघा, मग खूण करा.

शिंग गळतं ते टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक (हार्मोन) उतरल्यामुळे. मेंदूतला हायपोथॅलॅमस जीएनआरएच हे संप्रेरक सोडतो, त्याच्या इशाऱ्यावर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच हे दुसरं संप्रेरक सोडते आणि एलएचमुळे वृषणं टेस्टोस्टेरॉन बनवतात. ही पातळी घसरली की खुंट आणि शिंग यांच्या सांध्यातलं हाड विशिष्ट पेशी विरघळवतात आणि शिंग सुटतं. नवं शिंग मखमलीत वाढतं तेव्हाही टेस्टोस्टेरॉन कमीच असतं. तिथे वाढीचं काम मुख्यतः आयजीएफ-1 हे वाढीला चालना देणारं संप्रेरक चालवतं. पातळी पुन्हा चढली की हाड कडक होतं, मखमलीचा रक्तपुरवठा तुटतो आणि नर झाडाझुडपांवर शिंगं घासून ती सोलून काढतो. कडक शिंगांच्या नराचं खच्चीकरण केलं तर काही आठवड्यांत शिंगं पडतात, आणि पुढची शिंगं मखमल कधीच टाकत नाहीत. यापेक्षा स्पष्ट पुरावा कुठला हवा?

आता हे चक्र फिरवतं कोण? थंड प्रदेशातल्या लाल हरणांत दिवसाची लांबी. रात्र वाढली की मेंदूतली पिनियल ग्रंथी जास्त वेळ मेलाटोनिन हे अंधारात स्रवणारं संप्रेरक सोडते आणि सगळे नर शरद ऋतूत एकदमच माजावर येतात. जळगावच्या 21 अंश अक्षांशावर मात्र सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस यांच्यात फरक जेमतेम अडीच तासांचा. स्कॉटलंडात तो अकरा तासांच्या आसपास जातो.

सांबर तरीही बऱ्यापैकी शिस्तीत राहतं. कान्हात त्याचा माज नोव्हेंबर-डिसेंबरात ऐन भरात असतो. गर्भकाळ सुमारे आठ महिन्यांचा, म्हणजे पाडस पावसाळ्याच्या हिरव्या चाऱ्यावर येतं. चितळाचं तंत्र वेगळं. लाउडन आणि कर्लुइस या संशोधकांनी 1988 मध्ये दाखवलं की चितळाच्या प्रत्येक नराचं शिंगांचं आणि वृषणांचं चक्र वर्षभराचंच असतं, पण ते शेजारच्या नराशी जुळलेलं नसतं. त्यामुळे एकाच कळपात, एकाच सकाळी, एक नर कडक शिंगांचा, दुसरा मखमलीतला, तिसरा बोडका दिसू शकतो. माद्या कुठल्याही महिन्यात माजावर येऊ शकतात आणि कुठला ना कुठला नर तयार असतोच. मध्य भारतात उन्हाळ्याकडे चितळांचा जोर वाढतो खरा, पण तो कल आहे, नियम नव्हे. भेकराचं कोडं आणखी निराळं: चीनमधल्या रीव्ह्ज भेकराचा नर मखमलीत असतानाही प्रजननक्षम असतो.

टेस्टोस्टेरॉनचे अवशेष लेंडीतून मोजता येतात, पण म्हणूनच चितळाच्या कळपातून सरसकट लेंड्या गोळा करून महिन्याची सरासरी काढणं मला निरर्थक वाटतं. चढ-उतार एकमेकांना खोडतात आणि आलेख सपाट येतो. नमुना त्या-त्या नराचाच हवा: नर लेंड्या टाकताना बघायचा, तो पुढे सरकल्यावर जायचं आणि पिशवीवर तारीख-वेळेबरोबर शिंगांची अवस्था लिहायची. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन तासातासाला उसळतं, शिवाय पकडापकडीच्या ताणाने बदलतं. लेंडीत साधारण गेल्या दिवसभराचा हिशेब मिळतो.

हातमोजे घाला, मूत्र लागलेल्या लेंड्या सोडून द्या, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी उणे 20 अंशांवर गोठवा. खान्देशचा मे इथेच घात करतो. पारा पंचेचाळिशीकडे असताना लेंडीतले जिवाणू संप्रेरकांचे अवशेष तासाभरातही बदलू लागतात. पावसाळ्यात पाणी तेच धुऊन नेतं. प्रयोगशाळेत नमुना वाळवून, चाळून, ठरावीक वजनाची पूड 80 टक्के मेथॅनॉलमध्ये हलवायची, सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून गाळ खाली बसवायचा आणि वरचा द्रव एन्झाइम इम्युनोअ‍ॅसेला, म्हणजे अँटिबॉडीच्या मदतीने संप्रेरक मोजणाऱ्या चाचणीला, लावायचा. लेंडीत मूळ टेस्टोस्टेरॉन फारसं उरतच नाही, त्याचे तुटलेले अवशेष असतात. अ‍ॅसेची अँटिबॉडी ते ओळखते का, हे त्या जातीवर आधी तपासून घ्या. आकडा कोरड्या वजनावरच मांडा. उन्हाळी चारा तंतुमय असल्याने लेंडीचं प्रमाण बदलतं आणि आकडा चारा बदलल्यामुळेही खालीवर होतो, संप्रेरकामुळेच असं नाही.

अभयारण्यातून लेंडीसुद्धा वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय आणता येत नाही. गळलेलं शिंग दिसलं तर फोटो काढा, जागा टिपा, शिंग तिथेच राहू द्या.