जिभेकडची बाजू

नौपाड्यातल्या क्लिनिकमध्ये आलेल्या काकूंची तक्रार एकच: दोन वेळा ब्रश करूनही हिरड्यांतून रक्त येतं. पुढचे दात स्वच्छ. "घासते हो मी नीट, डॉक्टर," असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आणि ते खरंही होतं.

अशा वेळी तोंडात फिरवून दातांचं त्रिमितीय चित्र पडद्यावर आणणारा स्कॅनर उपयोगी पडतो, पण आधी रंग लावावा लागतो. प्लाक, म्हणजे दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर, दातासारखाच पांढुरका. पातळ थर नुसत्या स्कॅनमध्ये ओळखू येत नाही. ओठांना व्हॅसलिन लावलं, प्लाक रंगवून दाखवणारं दुरंगी डिस्क्लोजिंग द्रावण कापसाने दातांवर फिरवलं, हलकी चूळ भरायला सांगितली. एकरंगी लाल द्रावण मी स्कॅनसाठी टाळते. सुजलेल्या हिरडीचा लाल आणि प्लाकचा लाल पडद्यावर एकमेकांत मिसळतात, आणि नेमकी हिरडीलगतची कडाच वाचता येत नाही. दुरंगीत जुना थर निळा-जांभळा दिसतो, ताजा गुलाबी.

मग गाल बाजूला धरून, सक्शन लावून, हवेने दात वाळवले. लाळ साचली की चकाकी येते आणि स्कॅन बिघडतो. खुर्चीचा दिवाही बंद करायचा. आधी चावण्याची बाजू, मग जिभेकडची, शेवटी गालाकडची. फाइल पीएलवाय प्रकारात ठेवावी. नेहमीच्या एसटीएलमध्ये फक्त आकार उरतो, रंग जातो.

खालच्या दाढांची जिभेकडची बाजू दोन्हीकडे गडद निळी. 28 दातांच्या, प्रत्येकी चार अशा, 112 बाजूंपैकी 61 रंगलेल्या, म्हणजे ओ'लिअरी निर्देशांक (प्लाक असलेल्या बाजूंचं प्रमाण) 54 टक्के. 1972 सालचं हे माप. तो 10 टक्क्यांच्या आत आणायचा असतो. दोन दातांमधल्या बाजू मात्र मी तोंडातच प्रोबने, म्हणजे बारीक टोकाच्या उपकरणाने, तपासून मोजल्या. तिथे कॅमेरा पोचत नाही, आणि सॉफ्टवेअर ती फट स्वतःच अंदाजाने भरून टाकतं. तिथला रंग खरा धरू नये.

काकूंनी पडदा स्वतः फिरवून पाहिला. "अगबाई, ही बाजू आरशात दिसतच नाही!"

हातात ब्रश देऊन घासायला सांगितलं. केस दाढेच्या माथ्यावरूनच सरकत होते, हिरडीच्या कडेला टेकतच नव्हते. ब्रश 45 अंशांत हिरडीकडे कलता धरून, जागच्या जागी बारीक हलवत, दोन-दोन दात घ्यायला शिकवलं.

पुढच्या भेटीत 20 बाजू रंगल्या, 18 टक्के. उरलेल्या बहुतेक दाढांच्या फटींतल्या. त्यांना इंटरडेंटल ब्रश दिला: फटीत किंचित अडखळत जाईल एवढाच जाड, जोर लावून ढकलावा लागेल असा नाही.