फळ्यावरचा १८५

२६ एप्रिल २०२५, शनिवारची दुपार. शेजारच्या गॅरेजचं दार वर केलेलं, आत टीव्ही, समोर घडीच्या खुर्च्या, आणि आम्ही आठ-नऊ जण एका मुलाचं नाव कधी पुकारतात म्हणून कान लावून बसलेलो. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधले संघ कॉलेजातली मुलं निवडतात, तो 'ड्राफ्ट' चालू होता. गुरुवारी रात्री पहिला राऊंड झाला, त्यात नाव नाही. शुक्रवारी दुसरा-तिसरा झाला, त्यातही नाही. शनिवारी चौथा गेला, पाचवा गेला. मी नेलेला चकल्यांचा डबा कधीच रिकामा झाला होता. सहाव्या राऊंडमध्ये, १८४ मुलांची नावं घेऊन झाल्यावर, पिट्सबर्ग स्टीलर्सनं १८५ वं नाव घेतलं: विल हॉवर्ड.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा मुलगा मात्र गप्प होता. तो नववीत आहे, आणि त्याच्या खोलीच्या दारावर हॉवर्डचा फोटो आहे. तीनच महिन्यांपूर्वी, २० जानेवारीला, याच हॉवर्डनं अटलांटात नोट्र डेम विद्यापीठाला ३४-२३ हरवून ओहायो स्टेट विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. त्या सामन्यातले त्याचे पहिले १३ पास एकामागून एक झेलले गेले. एकूण २१ फेकले, १७ झेलले गेले.

रात्री दादरला बाबांना फोन केला तर त्यांचाही तोच प्रश्न. "अगं, एवढी मोठी स्पर्धा जिंकून देणारा मुलगा, आणि त्याच्या आधी १८४ जण? असं कसं?" त्यांना फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी ओहायो राज्यात कोलंबस शहराला लागून असलेल्या डब्लिनमध्ये राहते. इथला फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ. हॉवर्ड क्वार्टरबॅक आहे, म्हणजे त्यातला सूत्रधार. प्रत्येक डाव त्याच्या हातातून सुरू होतो, आणि चेंडू कुणाकडे फेकायचा हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो. कोलंबसमध्ये या खेळाचा व्यावसायिक संघ नाही. आहे ते विद्यापीठ. त्याच्या स्टेडियमची क्षमता १,०२,७८० आहे, आणि शनिवारी ते भरतं. बँडची मुलं चालत चालत मैदानावर इंग्रजीत 'ओहायो' लिहितात आणि शेवटी सूझाफोन हे भलं मोठं पितळी वाद्य वाजवणारा एक जण तुरुतुरु जाऊन 'आय'वरचा टिंब होतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या शेजारच्या सत्तरीच्या बाई रडत होत्या. आळंदीला पालखी निघताना लोकांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते मला तिथे दिसलं. असं शहर वीस-एकवीस वर्षांच्या एका पोराच्या खांद्यावर बसतं.

आणि तितक्याच पटकन उतरतंही. ३० नोव्हेंबर २०२४ ला घरच्याच मैदानावर मिशिगनकडून १३-१० असा पराभव झाला, तेव्हा हॉवर्डला लोक नको नको ते बोलले. सात आठवड्यांनी तोच सगळ्यांचा लाडका.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत. शाळा सोडून तीन वर्षं झाल्याशिवाय मुलाला तिथे शिरता येत नाही आणि एनएफएलची स्वतःची खालची लीग नाही, त्यामुळे जवळजवळ सगळे कॉलेजातूनच येतात. दर एप्रिलमध्ये संघ पाळीपाळीनं मुलं निवडतात. सात राऊंड, २०२५ मध्ये एकूण २५७ नावं. कॉलेजात हा खेळ खेळणाऱ्या हजारो मुलांपैकी ज्यांचं वय आणि शिक्षण ड्राफ्टजोगं झालेलं असतं, त्यांतल्या शंभरातल्या दोघांचंही नाव येत नाही. ज्यांचं येतं, ते तिथे टिकतील याचीही खात्री नाही.

गॅरेज ज्यांचं, त्यांना आमच्या गल्लीत सगळे 'कोच' म्हणतात. आयुष्यभर हायस्कूलच्या मुलांना हा खेळ शिकवलेला माणूस. त्या दुपारी माझ्या मुलाचा पडलेला चेहरा पाहून ते उठले, दोन खुर्च्या ड्राइव्हवेवर नेल्या आणि एकमेकींपासून चांगल्या सहा-सात फुटांवर ठेवल्या. "कॉलेजात तुझ्या झेलणाऱ्याला एवढी जागा मिळते." मग खुर्च्या इतक्या जवळ सरकवल्या की मधून जेमतेम हात जाईल. "एनएफएलमध्ये एवढी. आणि ती उघडायच्या आधी चेंडू हातातून सुटलेला पाहिजे." मुलाला त्यांनी तिथून चेंडू फेकायला लावलं. पहिल्या मांडणीत दहापैकी सात गेले. दुसरीत एकही नाही, खुर्च्याच पडत राहिल्या.

मग त्यांनी त्याला ड्राइव्हवेच्या कडेला उभं केलं. पलीकडे गवत. "झेल घे, एक पाय काँक्रीटवर टेकव. झालं, कॉलेजात हा झेल धरला. आता दोन्ही पाय टेकव." एनएफएलमध्ये दोन्ही पाय आत लागतात. तेवढ्या एका पावलासाठी चेंडू अर्ध्या क्षणाने लवकर आणि वीतभर आत यायला लागतो. मैदान दोन्हीकडे तेवढंच, १०० यार्ड लांब. पण मधल्या खुणांच्या दोन रांगांमध्ये कॉलेजात ४० फूट अंतर असतं, व्यावसायिक खेळात साडेअठरा. कॉलेजात त्यामुळे डाव बरेचदा एका कडेजवळून सुरू होतो आणि दुसऱ्या बाजूला मोकळं रान मिळतं. तिथे ते रान नाही.

याहून मोठी गोष्ट म्हणजे आजूबाजूची माणसं. ओहायो स्टेटकडे देशभरातली निवडक मुलं येतात. वर्षातल्या बऱ्याच सामन्यांत समोरचा संघ त्यांच्या पासंगालाही पुरत नाही. अंतिम सामना ज्या पासनं जिंकला, तो ५६ यार्डांचा होता आणि तो झेलणारा जेरेमाया स्मिथ पहिल्याच वर्षाला शिकत होता. त्या झेलाचं श्रेय किती फेकणाऱ्याचं आणि किती झेलणाऱ्याचं, हे वेगळं काढायचं कसं? त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये या एका विद्यापीठाची १४ मुलं घेतली गेली. अशा संघात उभं राहून चांगला दिसणं आणि स्वतः चांगला असणं यांत फरक आहे, आणि तो फरक ओळखण्यासाठी संघ लाखो डॉलर्स खर्चतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये इंडियानापोलिसला मुलांची उंची, तळहात, ४० यार्ड पळायला लागणारा वेळ, सगळं मोजतात. तरी चुकतात.

कोलंबसचीच उदाहरणं सांगते. २०१४ च्या मोसमात पहिले दोन क्वार्टरबॅक जायबंदी झाल्यावर कार्डेल जोन्स या तिसऱ्या क्रमांकाच्या मुलाला उभं केलं. त्यानं विस्कॉन्सिनला ५९-० नं, मग अलाबामाला, मग ओरेगनला हरवून विजेतेपद आणलं. एनएफएलमध्ये त्याच्या वाट्याला नियमित मोसमाचा फक्त एक सामना आला. उलट जो बरो हा याच राज्यातल्या अथेन्सचा मुलगा इथे बाकावर बसून राहिला, कंटाळून २०१८ मध्ये लुइझियानाला गेला, दुसऱ्याच वर्षी त्यानं ६० टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, टाकले आणि २०२० मध्ये सगळ्यात पहिलं नाव त्याचं निघालं. त्याच्या जोरावर सिनसिनाटीचा संघ एनएफएलच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. आमच्या शहरानं ज्याला डोक्यावर घेतलं तो एनएफएलमध्ये टिकला नाही, आणि ज्याला ओळखलं नाही तो टिकला.

माझं मत विचाराल तर निम्मं उत्तर मुलात असतं आणि निम्मं त्याला मिळणाऱ्या घरात. आपल्याकडे मुलगी देताना घर बघून द्यावी म्हणतात. इथे घर बघायची सोयच नाही. आदल्या वर्षी जो संघ सगळ्यात जास्त हरला, त्याची निवड पहिली. म्हणजे सगळ्यात गुणी पोर सगळ्यात विस्कटलेल्या घरात जातं, आणि तिथे गेल्या गेल्या त्यानं घर सावरावं ही अपेक्षा. संघ तुल्यबळ राहावेत म्हणून हा नियम आहे, हे मला कळतं. पण एखादं पोर त्यात भरडलं जातं तेव्हा फार वाईट वाटतं.

१९९८ ची गोष्ट कोच दरवर्षी सांगतात. ड्राफ्टमध्ये दोन क्वार्टरबॅक: पेटन मॅनिंग पहिला, रायन लीफ दुसरा. दोघांतला कोण चांगला यावर तेव्हा देशभर वाद झाला होता. मॅनिंगचा पहिला मोसम भयंकर गेला. त्याचे २८ पास विरोधकांनी पकडले आणि संघ १६ पैकी १३ सामने हरला. पण इंडियानापोलिसच्या संघानं त्याला हलवलं नाही. तो पाच वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लीफ २५ सामने खेळला, १४ टचडाउन, ३६ पास विरोधकांच्या हातात, आणि संपला. लीफचा स्वतःचा उतावळेपणा आणि राग त्याला नडला हे खरंच. तरीही बाविशीच्या मुलाला हरायची मुभा कोणत्या घरात मिळते, हा प्रश्न मला त्या दोन नावांमध्ये दिसतो. सी. जे. स्ट्राउड २०२३ मध्ये इथूनच ह्यूस्टनला दुसऱ्या क्रमांकावर गेला. त्याच्या आधीच्या मोसमात तो संघ तीनच सामने जिंकला होता. त्याच्या पहिल्याच वर्षी संघानं दहा जिंकले. म्हणजे विस्कटलेलं घरही सावरू शकतं, घरातली वडीलधारी माणसं शहाणी असली तर.

उशिरा निवडले जाऊन मोठे झालेल्या क्वार्टरबॅकांच्या कथा इथे सगळ्यांच्या तोंडी असतात. टॉम ब्रेडी १९९ वा, ब्रॉक पर्डी शेवटचा, २६२ वा. त्या खऱ्या आहेत, पण त्या सांगून मुलांना खोटी आशा लावू नये असं मला वाटतं. सहाव्या-सातव्या राऊंडमधली बहुतेक नावं पुन्हा कानावर येत नाहीत.

पुढे एकदा बाबांना हे सगळं सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अमोल मुजुमदार." १९८८ मध्ये सचिन आणि कांबळी शारदाश्रमसाठी ६६४ धावांची भागीदारी करत होते तेव्हा पॅड बांधून बसलेला पुढचा फलंदाज. मुंबईकडून पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, आणि भारताकडून एकही सामना नाही. बाबांनी त्याला शिवाजी पार्कवर खेळताना पाहिलंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या मार्गदर्शनाखाली आपल्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, त्या रात्री बाबांनी मला इथल्या भर दुपारी फोन केला होता. बोलता येत नव्हतं त्यांना.

इथेही तसा एक माणूस आहे. आर्ची ग्रिफिन. कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन पुरस्कार दोनदा, १९७४ आणि १९७५ मध्ये, मिळवणारा आजवरचा एकमेव. सिनसिनाटीकडून सात मोसम खेळला आणि एकाही मोसमात चेंडू घेऊन हजार यार्ड धावण्याचा पल्ला गाठला नाही, म्हणून पुस्तकी हिशोबात तो साधारण ठरतो. नंतर तो कोलंबसला परतला आणि कितीतरी वर्षं विद्यापीठासाठी काम केलं. त्याला अपयशी म्हणणारं कुणी मला या शहरात भेटलेलं नाही, आणि मीही म्हणणार नाही.

हॉवर्डचं पुढे काय? त्याच जूनमध्ये पिट्सबर्गनं ॲरन रॉजर्स या ४१ वर्षांच्या नावाजलेल्या क्वार्टरबॅकला आणलं, आणि ऑगस्टमध्ये सरावातच हॉवर्डच्या फेकायच्या हाताचं हाड मोडलं. माझ्या मुलाला वाटलं, संपलं सगळं. कोचना तसं वाटलं नाही. रॉजर्स स्वतः ग्रीन बेच्या संघात तीन वर्षं ब्रेट फार्व या क्वार्टरबॅकच्या मागे बाकावर बसला होता, हे त्यांनी त्याला सांगितलं.

कोचच्या गॅरेजमध्ये शाळेतून आणलेला एक जुना हिरवा फळा आहे. दर एप्रिलला ते त्यावर ओहायो स्टेटच्या मुलांची नावं खडूनं लिहितात, पुढे क्रमांक. त्यापुढचा रकाना तीन वर्षं झाल्याशिवाय ते भरत नाहीत, आणि तोवर त्या मुलाबद्दल कुणी काही ठरवून बोललेलं त्यांना चालत नाही. परवा माझा मुलगा हवा भरायचा पंप आणायला तिथे गेला, तेव्हा हॉवर्डच्या नावावरचा खडू ओलीनं पुसट झालेला त्याला दिसला. त्यानं तो पुन्हा गिरवला. १८५. पुढचा रकाना मोकळा ठेवून आला.