तू तिथं नक्की काय करतेस?

मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या काकू विचारतात, पुण्याहून फोन करणारी मामी विचारते: "खेळत तर नाहीस, कोचही नाहीस, मग त्या बास्केटबॉलच्या टीमबरोबर वर्षभर हिंडतेस कशाला? आणि पुढे कोच होणार का?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या महिला संघाची मी डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्स आहे. प्रवास, हॉटेलं, जेवणं, बजेट, उन्हाळी शिबिरं हे सगळं माझ्याकडे. विमान उशिरा पोचलं तर सामन्याआधीच्या सरावाला कोर्ट मिळेल का, शेंगदाणे न चालणाऱ्या मुलीच्या ताटात काय पडणार, बुधवारी प्रयोगशाळेचा तास असलेली मुलगी सरावाला कधी पोचणार, याची उत्तरं माझ्याकडे असावी लागतात. ती असली की कोचला फक्त खेळाचा विचार करता येतो.

इथवर येणारी बहुतेक माणसं एकाच दारातून आत येतात: स्टुडंट मॅनेजर. चेंडू गोळा करायचे, घामाचे कपडे धुवायला टाकायचे, घड्याळ लावायचं. पुढची पायरी ग्रॅज्युएट असिस्टंटची. मास्टर्सची फी माफ होते आणि खर्चापुरते पैसे मिळतात. मग व्हिडिओ कोऑर्डिनेटर. हे काम बाहेरून कोणाला दिसत नाही, पण खेळ खरा कळतो तो इथेच. प्रतिस्पर्धी संघाचे गेले काही सामने घेऊन एकेक चाल कापायची, तिला नाव द्यायचं. त्यांची गार्ड (चेंडू पुढे नेणारी खेळाडू) स्क्रीन मिळाल्यावर, म्हणजे सहकारी खेळाडूने तिच्या बचावपटूची वाट अडवल्यावर, डावीकडेच वळते का? टाइमआउटनंतर ठरलेली चाल कोणती? रात्री उशिरापर्यंत असं बसल्यावर सकाळी असिस्टंट कोचला त्यातल्या मोजक्या क्लिप्स द्यायच्या. मुलींसमोर पाच-दहा मिनिटं चालतं ते एवढंच, आणि ते पाहून सामन्यात एखाद्या मुलीने तोच पास अडवला की आम्ही बेंचवर अक्षरशः उड्या मारतो.

पूर्वी सगळी कामं एकाच व्यक्तीवर असत. पॅट समिट १९७४ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाच्या मुख्य कोच झाल्या तेव्हा पगार होता महिन्याला २५० डॉलर. खेळाडूंचे कपडे त्या स्वतः धूत, व्हॅनही स्वतः चालवत. ते गणवेश आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले होते. त्याच समिट यांनी पुढे १०९८ सामने आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने मुलींच्या खेळाला पैसा आणि मान मिळाला. पण पगार वाढले तसे पुरुषही या नोकऱ्यांकडे वळले. त्याआधी कॉलेजातल्या मुलींच्या संघांच्या ९० टक्क्यांहून अधिक कोच बायका होत्या, आज सगळे खेळ धरले तर निम्म्याही नाहीत. बास्केटबॉलमध्ये चित्र बरं आहे, तरी मला हे बोचतं. म्हणून १ जुलै २०२३ पासून पहिल्या डिव्हिजनच्या, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वांत वरच्या गटातल्या संघांना कोर्टवर शिकवू शकणारे दोन जादा कोच ठेवायची मुभा मिळाली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. व्हिडिओच्या खोलीतल्या कितीतरी मुलींना तोवर कोर्टवर शिकवायची परवानगीच नव्हती.

आता दुसरा प्रश्न. नाही, मला मुख्य कोच व्हायचं नाही. या धंद्यात वरची खुर्ची मिळाली नाही म्हणजे माणूस मागे राहिला, असं मी मानत नाही. क्रिस डेली १९८५ पासून कनेक्टिकट विद्यापीठात मुख्य कोच जीनो ऑरिएमा यांच्या शेजारी बसतात, आणि त्या संघाची शिस्त डेलींशिवाय डोळ्यांपुढे येत नाही. जॅन जेन्सन ड्रेक विद्यापीठात कोच लिसा ब्लूडर यांच्या हाताखाली खेळल्या, मग तिथेच त्यांच्या असिस्टंट झाल्या आणि २००० मध्ये त्यांच्याबरोबर आयोवा विद्यापीठात गेल्या. २०२४ मध्ये ब्लूडर निवृत्त झाल्या तेव्हा संघ जेन्सन यांच्या हाती आला. चोवीस वर्षं त्या तिथे दुसऱ्या जागेवर होत्या, आणि स्टार खेळाडू केटलिन क्लार्कची आयोवा याच काळात घडली.

तुमची लेक किंवा भाची यात येऊ म्हणत असेल तर तिला पहिल्याच वर्षी मॅनेजर म्हणून संघाच्या ऑफिसात पाठवा, खेळाडू असो वा नसो. फिल्म कापायला शिकू दे. भारतातून येणार असेल तर विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि पदवीनंतर साधारण एक वर्ष नोकरीची परवानगी मिळते. पुढची दोन वर्षं विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना असतात, स्पोर्ट्स मॅनेजमेंटला सहसा नाही, तेव्हा विषय निवडतानाच हे बघायला हवं. शिवाय इथे नोकरी विद्यापीठाची असली तरी ती टिकते मुख्य कोचच्या जिवावर. हंगाम संपल्यावर कोचला काढलं की नवी व्यक्ती आपली माणसं घेऊन येते, आणि घरभाड्याचा करार, मुलांची शाळा सगळं ठेवून अख्खा स्टाफ गाव सोडतो. मुलाखतीला जाईल तेव्हा पगार विचारायच्या आधी तिने विचारावं, मुख्य कोचच्या करारात किती वर्षं उरली आहेत.