बाळूचं लिव्हर
आज आमच्या कुत्र्याचा, बाळूचा, बाइल ॲसिड टेस्टचा (लिव्हर नीट काम करतंय का ते बघायची रक्ततपासणी) रिपोर्ट आला. उपाशीपोटी आणि जेवल्यावर दोन तासांनी असं दोनदा रक्त घेतलेलं, दोन्ही आकडे जाम वर. डॉक्टर म्हणाले लिव्हर शंट वाटतोय, म्हणजे आतड्यांकडून येणारं रक्त लिव्हरमध्ये साफ न होता एका जास्तीच्या नसेतून बायपास होऊन थेट अंगभर फिरतं आणि अमोनिया मेंदूपर्यंत जातो, तरीच जेवला की भिंतीला डोकं टेकून उभा राहायचा हा. आता सीटी स्कॅन. नस लिव्हरच्या बाहेर असेल तर ऑपरेशनला जास्त चान्स म्हणे.

घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षावाल्या काकांनी सहज विचारलं, पिल्लाला काय झालं, आणि मला तिथेच रडू फुटलं.

तोवर चिकन-मटण बंद, प्रोटीन मोजून, आणि लॅक्टुलोज सिरप. म्हणजे आमच्या आप्पांचं पोट साफ व्हायचं तेच औषध! आई म्हणते बाटल्यांवर नावं लिहा, नाहीतर घोळ होईल.

ठाण्यात कोणाच्या कुत्र्याचं हे ऑपरेशन झालंय का? इनबॉक्स करा, खर्च आणि नंतरची काळजी विचारायचीय. आणि प्लीज, काविळीचा झाडपाला सुचवू नका, सकाळपासून बऱ्याच जणांनी सुचवून झालाय.