पेशव्यांचे निदान मी का सांगत नाही

माधवराव पेशव्यांना झालेला क्षय फुफ्फुसांचा होता की आतड्यांचा? मी डॉक्टर असून इतिहासही वाचतो, हे कळले की हा प्रश्न हमखास येतो आणि मी उत्तर टाळतो. तुम्ही विचारलंत म्हणून कारण लिहितो.

माधवराव १७६१ साली पेशवे झाले, त्याच्या आदल्या वर्षी इंग्लंडात तिसरा जॉर्ज गादीवर आला होता. १७८८ मध्ये त्याला भ्रम झाला. घसा बसेपर्यंत तो तासन्‌तास बोलत राही. १९६६ साली आयडा मॅकॅल्पाइन आणि रिचर्ड हंटर या मनोविकारतज्ज्ञ मायलेकांनी राजवैद्यांच्या टिपणांवरून असे मांडले, की हे वेड नव्हे, हा पोर्फिरिया होय. या आनुवंशिक विकारात पोट दुखते, हातापायांतली शक्ती जाते, भ्रम होतो आणि लघवी गडद होते. राजाच्या लघवीचा रंग बदलल्याच्या नोंदी तर होत्याच. विद्यार्थी असताना मीही हे निदान तोंडपाठ केले होते. २००५ साली राजाच्या जपून ठेवलेल्या केसांत भरपूर आर्सेनिक सापडले, आणि आर्सेनिकाने पोर्फिरियाचा झटका येऊ शकतो म्हटल्यावर सगळेच जुळून आल्यासारखे वाटले. पुढे टिमथी पीटर्स आदी संशोधकांनी तीच टिपणे मुळातून वाचली, तेव्हा पोर्फिरियाला सोयीची तेवढी लक्षणे वेचली गेल्याचे दिसले. लघवीच्या निळसर रंगाचे म्हणाल, तर राजाला जेन्शनच्या मुळीचे औषध दिले जात होते आणि तो रंग त्या औषधाचाही असू शकतो. आता कल पुन्हा उन्मादाच्या आजाराकडे आहे.

इतकी टिपणे हाताशी असलेल्या राजाची ही कथा. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले, वय अवघे २७. क्षयाचा जंतू कॉखला सापडला तो १८८२ साली, म्हणजे ११० वर्षांनी. त्याआधीच्या वैद्याने ‘क्षय’ म्हटले, तर त्याने ज्वर, खोकला आणि झिजत चाललेले शरीर पाहिले, एवढेच त्यावरून कळते. आजच्या अर्थाचा क्षयरोगच असण्याची शक्यता सर्वांत जास्त, हे मला मान्य आहे. पण फुफ्फुसे की आतडी, हा प्रश्न ती शक्यता सिद्ध झाली असे धरूनच विचारला जातो.

मध्यंतरी माझ्याकडे असाच खंगलेला, खोकणारा एक माणूस आला. घरच्यांनी टीबी ठरवूनच आणला होता. थुंकीत काही निघाले नाही. रक्तातली साखर मात्र चारशेच्या वर होती.