जीएनएम ते हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स, माझा अनुभव (नाशिक)

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेली स्टाफ नर्स, नाशिकमधल्याच एका प्रायव्हेट हॉस्पिटलात, जास्त करून मेडिसिन वॉर्डला. आता हेल्थकेअर इन्फॉर्मॅटिक्सचा, म्हणजे पेशंटची माहिती कॉम्प्युटरवर नीट ठेवायच्या शास्त्राचा, पीजी डिप्लोमा करतेय, आणि वॉर्डातल्या दोघी-तिघी रोज विचारतात की ताई कुठून सुरुवात करायची, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते.

हे डोक्यात शिरलं ते अर्ध्या गोळीमुळे. आमच्याकडे कागदी चार्ट बंद होऊन सगळं कॉम्प्युटरवर आलं तेव्हाची गोष्ट. एका आजींना डिगॉक्सिनची, म्हणजे हृदयाच्या औषधाची, अर्धी गोळी चालू होती. डोसच्या चौकटीत फक्त पूर्ण आकडा जायचा, १ किंवा २, अर्धा घेतच नव्हतं. मग आम्ही १ टाकायचो आणि शेरा म्हणून खाली "अर्धी" लिहायचो. पण पुढच्या शिफ्टला जी यादी दिसायची त्यात शेरा दिसतच नव्हता! नाईटच्या सिस्टरने ओव्हर देताना, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती देताना, सांगितलं होतं, पण त्याच वेळी बाजूच्या बेडला गडबड झाली आणि सकाळची सिस्टर अख्खी गोळी घेऊन उभी. आजींची मुलगी म्हणाली, "सिस्टर, कालपासून अर्धीच देताय ना?" म्हणून वाचलो. डिगॉक्सिन म्हणजे थोडं जास्त झालं तरी नाडी मंदावते, त्यात म्हातारं माणूस. त्या दिवशी सगळे त्या सिस्टरला बोलले आणि मला ते सहन होईना, कारण चूक तिच्या हातात नव्हती, त्या चौकटीत होती.

सॉफ्टवेअरवाला मुलगा आला तेव्हा मी सांगायला गेले, पण मला त्याच्या भाषेत सांगताच येईना. तो म्हणे, "फिल्ड इंटिजर आहे मॅडम." इंटिजर म्हणजे काय मला माहीत नाही आणि डिगॉक्सिन म्हणजे काय त्याला माहीत नाही, दोघं एकमेकांकडे बघत उभे.

त्याच सुमाराला पोस्टिंगला आलेल्या बीएस्सी नर्सिंगच्या पोरींपैकी एकीकडे एक पुस्तक बघितलं. इंडियन नर्सिंग काउन्सिलने बीएस्सीला २०२१ पासून सेमिस्टर पॅटर्न आणला, त्यात दुसऱ्या सेमिस्टरला हेल्थ/नर्सिंग इन्फॉर्मॅटिक्स अँड टेक्नॉलॉजी असा आख्खा विषयच आहे, ४० तास थिअरी आणि ४० तास लॅब. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मी रात्री दोन वाजता नर्सिंग स्टेशनवर बसून ते पुस्तक चाळलं आणि ठरवलं की आपण हे शिकायचं.

आता खरी शोधाशोध. आधी एका खाजगी क्लासमध्ये गेले, तिथे सहा महिन्यांचं "सर्टिफिकेट", फी चांगलीच तगडी. मी एकच विचारलं, हे कुठल्या विद्यापीठाशी संलग्न आहे? तर प्लेसमेंटबद्दल बोलत बसले. दोनदा विचारलं, दोनदा विषय बदलला. मी उठून आले. माझं सांगणं हेच की फी भरायच्या आधी सर्टिफिकेटवर नाव कुणाचं येणार हे लेखी घ्या.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. जीएनएम हा डिप्लोमा आहे, डिग्री नाही, आणि पीजी डिप्लोमाला डिग्री लागते. म्हणजे नऊ वर्षं वॉर्डात काढली तरी दार बंदच. मग पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग करायचं ठरवलं, दोन वर्षांचं, आपल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजमधून. ते विद्यापीठ १९९८ मध्ये सुरू झालं, आणि आहे इथेच नाशिकला, दिंडोरी रोडला म्हसरूळमध्ये. निमाणी स्टँडहून बसने त्याच्यासमोरून मी किती वेळा गेले असेन, पण आपला त्याच्याशी काही संबंध येईल असं कधी वाटलं नव्हतं.

कागदपत्रांनी मात्र जीव काढला. दहावी-बारावी, जीएनएमच्या मार्कशीट आणि महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलचं रजिस्ट्रेशन माहेरच्या नावावर, आधार सासरच्या नावावर, आणि लग्नाची नोंदच केलेली नव्हती. मग निफाड तालुक्यात आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत तीन खेपा, ग्रामसेवक भेटले तर लग्नपत्रिका नाही, पत्रिका सापडली तर साक्षीदार द्राक्षं काढणीला गेलेले, शेवटी मामांनी स्वतः उभं राहून करून दिलं. त्यात रजिस्ट्रेशनचं दर पाच वर्षांनी होणारं रिन्युअलही तेव्हाच आलं. फॉर्म निघायच्या निदान तीन महिने आधी नावाचं काम उरका, एवढं ऐका.

आणि जॉब सांभाळून हे होत नाही. ८० टक्के हजेरी लागते आणि प्रॅक्टिकल १०० टक्के पूर्ण झाल्याशिवाय डिग्री नाही. मी नोकरी सोडली, दोन वर्षं ह्यांच्या इथल्या अंबडमधल्या नोकरीच्या पगारावर घर चाललं, मुलगा सासूबाईंनी सांभाळला. आई सुरुवातीला म्हणाली चाललंय ते काय वाईट आहे, पण निकालाच्या दिवशी सगळ्यात आधी पेढे तिनेच आणले.

शेवटच्या वर्षात सोबत स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर डेटाबेसचा (कॉम्प्युटरमध्ये माहिती साठवायच्या पद्धतीचा) आठ आठवड्यांचा, आयआयटीवाल्यांच्या एनपीटीईएलचा कोर्स केला. शिकायला फुकट, परीक्षेला १००० रुपये. आठ असाइनमेंटपैकी सहा चांगल्या धरतात, त्याला २५ टक्के, उरलेले ७५ परीक्षेला. तिथे मला इंटिजर कळला, म्हणजे फक्त पूर्ण आकडा! त्या चौकटीला डेसिमल, म्हणजे दशांश, ठेवलं असतं तर ०.५ गेलं असतं, एवढं साधं होतं ते.

आता पीजी डिप्लोमा, ऑनलाइन, रविवारी लेक्चर. आयसीडी कोड शिकतोय, आय १० म्हणजे हाय ब्लड प्रेशर, ई ११ म्हणजे टाइप २ डायबेटीस. आयसीडी आजारांची वर्गवारी करायला, स्नोमेड पेशंटची बारीक माहिती नोंदवायला, लॉइंक लॅबच्या टेस्टना, आणि ही माहिती एका हॉस्पिटलातून दुसरीकडे जाताना दोन्हीकडे सारखीच वाचली जावी म्हणून एफएचआयआर, त्याला सगळे फायर म्हणतात. आभाचा, म्हणजे सरकारी हेल्थ आयडीचा, १४ अंकी नंबर आपण काउंटरवर नुसता टाइप करत होतो, त्याच्यामागे हे सगळं चालतं हे आत्ता कळतंय. अवघड वाटतं पण नर्सला अवघड नाही, कारण आपण टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांचा तक्ता) भरतोय तेव्हापासून हेच करतोय. १०१ ताप हा नुसता आकडा, चार तासांत तीनदा चढला ही माहिती, आणि टाके घातलेल्या बाईला तिसऱ्या दिवशी चढला म्हटल्यावर आपण आधी ड्रेसिंग उघडून जखम बघतो, ते ज्ञान. ते कॉम्प्युटरवाल्याकडे नाही, आपल्याकडे आहे.

मी जुन्याच हॉस्पिटलात परत जॉइन झाले. डोसच्या चौकटीत आता ०.५ जातं, मी आणि तोच मुलगा बसून अर्ध्या तासात केलं. दुसरं एक अजून अडकलंय. गोळी देतो आठला, पण गर्दी असली की एन्ट्री होते साडेदहाला, आणि सिस्टिम औषध साडेदहाला दिलं असं धरते. मग ऑडिटला सगळ्या सिस्टर उशीर करणाऱ्या दिसतात. दिल्याची वेळ वेगळी आणि नोंदवल्याची वेळ वेगळी हवी, असं मी आठवडाभराच्या नोंदी वहीत काढून लिहून दिलंय. गुरुवारी त्याची मीटिंग आहे, मॅट्रन मॅडमनी मला बोलावलंय.