साडेचार मीटर कापड आणि ऐंशी युरो

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. हे आधीच सांगून टाकते कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं, नाहीतर मी काय पैसे देऊन बाळ अंगाला बांधायला शिकायच्या फंदात पडणारी नव्हते. जर्मनीतलं आमचं स्टुटगार्ट म्हणजे बशीच्या तळाशी वसलेलं शहर, जिकडे बघाल तिकडे चढ, आणि त्या चढांवर जुन्या द्राक्षमळ्यांच्या काळातल्या दगडी पायऱ्या. इथली लोकं त्यांना श्टेफेले म्हणतात, शहरभर चारशेच्या वर आहेत. हे १९६८ पासून मुंबईचं सिस्टर सिटी आहे, पण पायऱ्या बघितल्या की मला वाटतं जेजुरीशी सोयरीक जुळवायला हवी होती.

तर आम्ही हौसेने सेकंडहँड बाबागाडी घेतली. चौदा किलोची. मग माझं सिझर झालं आणि डॉक्टर म्हणाले पुढचे काही आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. झालं. गाडी खाली जिन्याखाली आणि आम्ही वर. नवरा ऑफिसला गेला की मी, आई आणि बाळ तिघं घरात कोंडलेले, बाहेर जानेवारी.

आई सांगलीहून आली होती, डिंक, खारीक, अळीव, बाळगुटीचं सगळं सामान आणि जुन्या सुती साड्यांची दुपटी घेऊन. तिचं बाकी सगळं छान चाललं होतं पण एका गोष्टीवर आमचं रोज वाजायचं. बाळ खाली ठेवलं की रडायचं, उचललं की गप्प. आई म्हणायची, "सारखं घेऊ नकोस गं, हाताची सवय लागते." आणि दहा मिनिटांनी स्वतःच त्याला खांद्यावर टाकून खोलीत येरझाऱ्या घालायची. विचारलं तर म्हणायची, "आजीचं वेगळं असतं."

नवऱ्याच्या ओळखीतल्या एकाने त्यांचं वापरलेलं बेबी कॅरिअर दिलं होतं, म्हणजे बाळाला छातीशी अडकवायची पट्ट्यांची पिशवी. व्हिडिओ बघून बघून मी ते घालायला शिकले, म्हणजे मला वाटलं की शिकले. बाळ चोवीस दिवसांचं असताना म्हटलं आता काही होवो, खालच्या बेकरीपर्यंत तरी जायचंच. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला एक बारीक घर्र घर्र आवाज आला. खाली बघते तर त्याची मान पुढे दुमडलेली, हनुवटी छातीला टेकलेली, आणि पाय दुकानाबाहेर हँगरला लटकवलेल्या शर्टाच्या बाह्यांसारखे सरळ खाली. मी तिथेच पायरीवर बसले, दोन बोटांनी त्याची हनुवटी वर धरली, आवाज थांबला. तशीच हनुवटी धरून वर आले. त्या दिवशी बाळापेक्षा मी जास्त रडले.

इथे बाळंतपणानंतर हेबामे घरी येते, म्हणजे सुईण, पण रीतसर शिकलेली, आणि पहिल्या बारा आठवड्यांतल्या तिच्या भेटींचे पैसे इन्शुरन्स भरतो. तिला हे सगळं सांगितलं. ती ओरडली वगैरे नाही, म्हणाली त्या वयात मान सावरता येत नाही, हनुवटी छातीवर गेली की श्वासाची वाट बारीक होते, तू वेळेत बघितलंस. आणि एक नंबर दिला, ट्रागेबेराटरिनचा. ट्रागन म्हणजे अंगावर वाहून नेणं, बेराटरिन म्हणजे सल्ला देणारी. हिचे पैसे मात्र आपले आपण भरायचे, दोन तासांचे ऐंशी युरो.

आईला सांगितल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा होता. "पोर उचलायला शिकवायला बाई? आणि फी देऊन?"

मग खरं काय ते बाहेर आलं. तिला पैशांचं नव्हतंच. आमच्याकडे पोराला अंगाला बांधतात त्या रस्त्याच्या कामावरच्या बायका, उसाच्या फडात आलेल्या बायका. आमच्या घरात बाळ पाळण्यात, मांडीवर नाहीतर कडेवर, कापडाने बांधलेलं कधीच नाही. आई म्हणाली, "लोकं म्हणतील पोरीला तिकडे मजुरी करायला लावतात की काय." तेव्हा फोनवर बाबा होते, ते म्हणाले, अगं झाशीच्या राणीने बांधलं तर शौर्य, ऊसतोडवालीने बांधलं तर गरिबी आणि जर्मनीत बांधलं तर ऐंशी युरो. आई त्यांच्यावर चिडली पण नंतर दोन दिवस हेच वाक्य मावशी, आत्या सगळ्यांना ऐकवत होती.

ती बाई आली शनिवारी, मुद्दाम शनिवारी, कारण तिने फोनवरच विचारलं होतं की बाळाचे बाबा कधी घरी असतात. पाठीवर एवढी मोठी सॅक, त्यात चार-पाच कापडं, दोन कॅरिअर आणि एक बाहुली. ही बाहुली आईच्या हातात दिली तर आई दचकलीच, साडेतीन किलोची, मान खरोखर लटपटणारी, अगदी बाळासारखी हातात मावणारी.

मला वाटलं आता कापड काढेल आणि बांधायला लावेल. पहिला अर्धा तास तिने कापडाला हातच लावला नाही. टाके कसे आहेत, कंबर दुखते का, बाळ कितव्या आठवड्यात झालं, वजन वाढतंय का, नितंबाच्या सांध्याची सोनोग्राफी झाली का (इथे ती सगळ्याच बाळांची करतात), रात्री किती झोपतेस, आणि शेवटी, तुला कुठे जायचंय? मी म्हटलं बेकरीत. ती हसली नाही. लिहून घेतलं. मग म्हणाली बाळाला गादीवरून उचलून दाखव. मी काखेत हात घालून सरळ वर उचललं तसं म्हणाली, असं नको, आधी त्याला कुशीवर वळव आणि मग हळूच उचल, त्याच्या मानेला पण सोपं आणि तुझ्या टाक्यांना पण. आई तिथे पलंगावर बसून बघत होती, ती म्हणाली, "हे मी रोज सांगते." खोटं नाही, रोज सांगायची. पण आईचं कोण ऐकतं?

उचलल्यावर बाळाने पाय आपोआप पोटाशी ओढून घेतले, बेडकासारखे. ती बाई म्हणाली हे बघ, हे त्याचं तोच सांगतोय की मला कसं धर. १९७० मध्ये हासेनश्टाइन नावाच्या जर्मन जीवशास्त्रज्ञाने माणसाच्या बाळासाठी ट्रागलिंग असा शब्द काढला, म्हणजे ना घरट्यात पडून राहणारं पिल्लू, ना जन्मल्या जन्मल्या उठून पळणारं वासरू, तर आईला चिकटून फिरणारं. मी हे आईला मराठीत सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे माकडाचं पिल्लू, मग सरळ सांग ना."

मग बाहुली, आणि बाहुली आधी नवऱ्याला. तो बिचारा चहा करायला उठला होता. मला म्हणाली तू बस, तुझे टाके अजून ओले आहेत, आज याने शिकायचं. कापड चार मीटर साठ सेंटीमीटरचं, इथे त्याला सहा नंबर म्हणतात. मध्य छातीवर, दोन्ही टोकं पाठीमागे फुली मारून खांद्यांवरून पुढे, बाळ त्या खोळीत, मग टोकं त्याच्या पायाखालून फुली मारत मागे आणि गाठ. ऐकायला सोपं वाटतं. नवऱ्याने पहिल्यांदा बांधलं तर बाहुली त्याच्या पोटावर पिशवीतल्या भोपळ्यासारखी लोंबत होती. ती म्हणाली सगळं कापड एकदम ओढू नकोस, बट बट ओढ, काठापासून सुरू कर, एक पट्टी घट्ट, मग तिच्या शेजारची, मग तिच्या शेजारची. मी म्हटलं वेणी घालतात तसं. नवऱ्याला वेणीचा काय अनुभव, पण आई उठली, त्याच्या मागे उभी राहिली आणि तिने ती पट्टी अशी काही खेचली की बाहुली टुणकन वर आली. "हां, अस्सं, जावईबापू," म्हणाली.

बरोबर बांधलंय का हे कसं बघायचं ते त्या बाईने त्याच्याकडून पाठ करून घेतलं. मान खाली घातली की बाळाच्या डोक्याचा मुका घेता आला पाहिजे एवढं वर. तोंड नाक सतत दिसलं पाहिजे. हनुवटी आणि छातीत दोन बोटं मावली पाहिजेत. कापड एका गुडघ्याच्या लवणीपासून दुसऱ्या गुडघ्याच्या लवणीपर्यंत, गुडघे बुडापेक्षा वर, पाठ किंचित गोल पण कोलमडलेली नाही. आणि बांधलेलं असताना गॅसपाशी जायचं नाही, सायकल नाही, वाकायचं झालं तर कमरेतून नाही, गुडघ्यातून.

आईने मधेच विचारलं की एवढं महाग कापड कशाला, माझी साडी साडेपाच मीटरची आहे. मला वाटलं आता ही बाई नाक मुरडणार. तिने साडी मागवून घेतली, बोटांत चोळून बघितली, तिरकी ओढली. मग स्वतःचं कापड तिरकं ओढून दाखवलं, ते ताणलं जातं आणि परत जागेवर येतं कारण वीणच तिरपी आहे, ट्विलची. साडीची वीण सरळ, ती तिरकी तशी ताणून परत येत नाही, पातळ असली की खांद्यात रुतते, सिंथेटिक असली तर गाठ सरकते. सुती असेल तर घरातल्या घरात थोडा वेळ चालेल म्हणाली, पायऱ्यांवर नको. आणि मला म्हणाली तुझ्या आईला सांग, १९७१ मध्ये एरिका हॉफमान नावाच्या बाईला जुळ्या मुली झाल्या आणि त्यांना तिने मेक्सिकोच्या रेबोसोत बांधलं, म्हणजे तिथल्या बायकांच्या शालीतच, आणि त्यातून पुढच्याच वर्षी हा सगळा धंदा इथे सुरू झाला, ती कंपनी आजही इथून पंधरा-वीस मिनिटांवर लुडविग्सबुर्गला आहे. आमच्याकडे हे कापड आलंच मुळी तुमच्यासारख्यांकडून, असं तिचं म्हणणं. आईने मान डोलावली, म्हणजे स्वीकारलं.

त्या जुन्या कॅरिअरचं काय ते मी शेवटपर्यंत लाजून काढलंच नव्हतं. निघताना तिनेच विचारलं. मी कपाटातून आणलं, मनात म्हटलं आता हिच्याकडचं नवं घ्यायला सांगेल. तिने माझी लोकरीची शाल घेतली, त्या अरुंद पट्ट्याखालून बाहुलीच्या दोन्ही मांड्यांना आधार देत गुंडाळली आणि टोकं कमरेच्या पट्ट्यात नीट अडकवली. पाय लगेच वर आले. म्हणाली अजून एखादा महिना थांब, मान थोडी धरायला लागू दे, मग असं वापर. बाहेरच्या बाजूला तोंड करून बसवू नकोस एवढंच. विकायला तिने काहीच आणलं नव्हतं. एक कापड तीन आठवड्यांसाठी भाड्याने ठेवून गेली.

एक गोष्ट मात्र मला जास्त आवडली. मी विचारलं होतं की याने रडणं थांबेल ना? संध्याकाळी सहा ते नऊ आमच्याकडे जे चालायचं ते आठवून विचारलं. ती म्हणाली तसं प्रॉमिस मी करत नाही. नंतर मी स्वतः शोधून वाचलं, सवयच आहे ती माझी. १९८६ चा मॉन्ट्रियलचा एक अभ्यास सगळीकडे छापलेला असतो, ज्या बाळांना दिवसात जास्त वेळ अंगावर घेतलं ती सहाव्या आठवड्यात ४३ टक्के कमी रडली. पण १९९१ मध्ये त्यातल्याच एका संशोधकाने कॉलिकची, म्हणजे कारण न कळता तासन्‌तास रडण्याची, तक्रार घेऊन आलेल्या बाळांवर हाच प्रयोग केला तर काही फरक पडला नाही, आणि हे दुसरं मात्र कॅरिअरच्या जाहिरातीत कोणी लिहीत नाही. ट्रागेबेराटरिन हा इथे सरकारी शिक्का असलेला व्यवसाय नाही, ड्रेस्डेन वगैरे ठिकाणी कोर्स असतात ते करतात लोकं, पण न करता पण कोणी पाटी लावू शकतं. म्हणून मला वाटतं बाई बरी की वाईट हे ओळखायचं तर ती काय काय करून देईन म्हणते यापेक्षा कशाला नाही म्हणते ते ऐकावं.

आमचं बाळ संध्याकाळी रडायचं ते रडलंच. फक्त आता ते नवऱ्याच्या छातीवर रडायचं आणि मी तेवढ्यात गरम गरम जेवायचे. तिने सांगितलेलं की थंडीत जाड सूट घालून आत कोंबू नका, कापड म्हणजे एक थर कपडाच, वरून तुमचंच जॅकेट घ्या, फक्त पाय आणि डोकं झाका. तर हा माणूस स्वतःच्या जॅकेटात बाळ घालून, वरून आईने शिवलेली कुंची घातलेलं एक डोकं बाहेर काढून संध्याकाळी श्टेफेले चढून उतरून यायचा. बस स्टॉपवरच्या म्हाताऱ्या त्या कुंचीवर फिदा होत्या.

मी बेकरीत गेले बेचाळिसाव्या दिवशी. दोन ब्रेत्सेल घेतले, म्हणजे वरून मीठ लावलेले इथले पाव, एक तिथेच उभ्याने खाल्ला, बाळाच्या डोक्यावर मीठ सांडलं.

आईचं सांगायचं राहिलं. मार्चमध्ये एकदा दुपारी मी झोपून उठले तर घरात आवाज नाही. स्वयंपाकघरात बघते तर आई खुर्चीवर बसून मेथी निवडतेय, छातीशी तिची ती सुती साडी, आणि आत बाळ गाढ झोपलेलं, गुडघे वर, हनुवटी मोकळी. मला बघून म्हणाली, "गॅसपाशी नाही गेले हं. आणि पायऱ्यांवर पण नाही."

एप्रिलमध्ये ती परत गेली. मिरजेच्या माझ्या मावसबहिणीला जूनमध्ये बाळ व्हायचंय. मागच्या आठवड्यात आईचा फोन, ती इचलकरंजीत होती कापडाच्या दुकानात, मागून गोंगाट ऐकू येत होता. मला विचारत होती की ती वीण कुठली म्हणालेली ती बाई. मी म्हटलं ट्विल, सुती, आणि तिरकं ओढून बघ. तिने फोन चालूच ठेवला आणि मला ऐकू आलं, ती दुकानदाराला म्हणत होती, चार मीटर साठ हवंय, मधे जोड नको, आणि जरा तिरकं ओढून दाखवा. थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "काकू, पडदे शिवायचेत की सोफ्याला कव्हर?"